गाडीचे स्पीकर आणि सिस्टरांचा रिसीव्हर

अप्पा, परवा मी गाडीचे दोन स्पीकर घरच्या रिसीव्हरला जोडले. आमची जुनी गाडी भंगारात निघाली होती. ती न्यायला आलेल्या माणसाला मी म्हटलं, मागच्या काचेखालचे दोन्ही स्पीकर तेवढे काढून द्या. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं, "आता या वयात गॅरेज काढतेस की काय?" मी हसण्यावारी नेलं. रिसीव्हर, म्हणजे रेडिओ-कॅसेटचा आवाज स्पीकरला पुरवणारं ते मशीन, मुलाचा. परदेशी जाताना त्याने स्पीकर मित्राला देऊन टाकले आणि रिसीव्हर आमच्याकडे ठेवला. दोन वर्षं तो टीव्हीशेजारी फडक्याखाली झाकलेला होता. वायर हवी म्हणून मी इथल्याच, जुळे सोलापुरातल्या एका दुकानात गेले. कशाला हवी ते सांगितलं, तर दुकानदार म्हणाला, "गाडीचे घरच्या रिसीव्हरला नका लावू की मॅडम. चार ओहमचे असतात ते. रिसीव्हरला आठ पाहिजेत. गरम होऊन जळतो बघा." मी म्हटलं, "दोन्ही एकामागे एक जोडले तर?" वायर मोजता मोजता तो थांबला. "मग आठ होतंय की. तुम्हाला कुणी शिकवलं हे?" आणि अप्पा, मी म्हटलं, "वाचलं होतं कुठेतरी."

दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत मला माझंच नवल वाटत होतं. त्या माणसाला मी पुन्हा कधी भेटणारही नाही. त्याच्यासमोर 'माझ्या वडिलांनी' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण ती सवय इतकी जुनी आहे की तोंड आपोआप दुसरीकडे वळतं. घरी येऊन मी जमिनीवर बसले, वायरीची टोकं सोलली, पीळ दिला, दुमडली. तुम्ही दाताने सोलायचात, माझे दात आता तसे राहिले नाहीत, म्हणून सुरीने. आवाज निम्म्यावर ठेवला. पार स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं. तीन तासांनी रिसीव्हरच्या पाठीवर हात ठेवून पाहिला, जेमतेम कोमट होता. म्हणजे तुमचं बरोबर होतं. तसं ते मला चाळीस वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे, आणि एवढ्या काळात मी ते एकाही माणसाला सांगितलेलं नाही.

हैदराबाद रस्त्याला ट्रकच्या गॅरेजांच्या रांगेत तुमची पत्र्याची टपरी होती. हॉर्न, दिवे, सेल्फ, बॅटऱ्या, आणि हौशी लोकांच्या गाड्यांत टेप बसवून देणं, हे तुमचं काम. लहानपणी रविवारी मी डबा घेऊन यायची ती संध्याकाळपर्यंत तिथेच असायची. वायरींना कथलाचा डाग देताना निघणारा तो राळेचा धूर मला आवडायचा. तुम्ही मला वायर सोलायला शिकवलीत. उजवीकडे पीळ द्यायचा, मग टोक दुमडून दुहेरी करायचं, म्हणजे स्क्रूखाली पक्कं बसतं आणि ट्रकच्या हादऱ्याने सुटत नाही. "दुमडल्याबिगर सोडायचं न्हाय," तुम्ही म्हणायचात, "येकेरी टोक म्हंजी उद्या पुन्ना गिऱ्हाइक दारात." सातवी-आठवीपर्यंत मी येत राहिले. मग येईनाशी झाले. मला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट तुमचाच होता, आणि त्या शाळेत मी सांगून ठेवलं होतं की माझ्या वडिलांचा इलेक्ट्रिकलचा बिझनेस आहे. पालकसभेला आई यायची आणि एक शब्द न बोलता बसून जायची. तुम्ही यावं अशी वेळ मी कधी येऊच दिली नाही.

दहावीच्या वर्षी शाळेत नव्या मुख्य सिस्टर आल्या. दक्षिणेकडच्या होत्या, मराठी त्यांना मुळीच येत नव्हती. आखातात राहणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीने शाळेला घरगुती रिसीव्हर भेट पाठवला होता. चंदेरी तोंडाचा, रेडिओची हिरवी पट्टी असलेला. विमानात वजन फार होईल म्हणून स्पीकर मात्र पाठवले नव्हते. गॅदरिंग जवळ आलेलं. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने सिस्टरांना सांगितलं, हैदराबाद रस्त्याला एक माणूस गाड्यांना स्पीकर बसवतो, त्याला बोलवा. त्या दिवशी तुम्ही घरी आलात ते मला अजून दिसतं. चपला काढायच्या आधीच म्हणालात, "तुज्या शाळंचं काम आलंय!" माझा चेहरा पडला असणार. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग खाली बसून सावकाश चपलेचा पट्टा सोडवलात आणि म्हणालात, "मी काय तुजा बाप म्हनून जातोय व्हय? काम करून येतो की. कुनाला कळत न्हाय." मी नको म्हणायला हवं होतं, 'असं का म्हणता अप्पा' असं म्हणायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

आठवडाभर आमचं स्वयंपाकघर म्हणजे तुमचा कारखाना. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे आणि तिच्यामागे तुम्ही फळ्या ठोकताय. अपघात झालेल्या मोटारींतून काढलेले चार लांबट स्पीकर तुम्ही कधीचे जपून ठेवले होते. दोन खोकी, एकेका खोक्यात दोन स्पीकर. समोर लावायला पातळ कापड हवं, जाड लावलं तर आवाज अडतो, म्हणून आईचं जुनं नारिंगी पातळ कापलंत. मी बाजूला अभ्यासाला बसले होते, तर मला जवळ बोलावून सांगायला लागलात, "हे बग. गाडीचा स्पीकर लई तहानलेला आसतोय. घरच्या मशीनची घागर बारकी. दोगं दोन बाजूंनी घागरीला तोंड लावून बसले, की घागर फुटली म्हनून समज. म्हनून येकामागं येक लावायचे, म्हंजी दोगांतनं मिळून येकच धार जातीय. आवाज जरा कमी येतोय, पर मशीन जगतंय." आई भाकरी उलटत म्हणाली, "पोरीला आदी भाकरी तर येऊ द्या, मग शिकवा काय ते ओम." तुम्ही म्हणालात, "ओम न्हाय, ओहम." "तेच की. द्येवाचंच नाव हाय." तुम्ही केवढ्यांदा हसलात. मीही हसले होते. तेवढा क्षण मला निखळ आठवतो, म्हणून इथे लिहून ठेवते.

खोक्यांच्या पाठीला तुम्ही पितळी स्क्रूंच्या पट्ट्या लावल्या होत्या, म्हणजे काही झालं तर खोकं न उघडता वायर बदलता येईल. दोन स्पीकरना सांधणारी छोटी वायर तिथेच, उघड्यावर होती. मी वर्गात असताना तुम्ही हॉलमध्ये येऊन सगळं बसवून गेलात. त्याच वेळी कुठल्याशा मुलीचे डॉक्टर वडील तिथे आले होते, त्यांनी आवाज ऐकला आणि आपल्या घरच्या रिसीव्हरला अशीच दोन खोकी करून मागितली. तुम्ही हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. ट्रकखाली उताणं झोपून करायच्या कामाला तेव्हा वीस वर्षं झाली असतील तुम्हाला. 'घरगुती स्पीकर बनवून मिळतील' असा एक फलक तुम्ही रंगवायला टाकलात. आईला म्हणालात, "आता बसून करायचं काम मिळंल." ते काम किती हवं होतं तुम्हाला, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे, पण ते खरं नाही.

गॅदरिंगच्या दिवशी कॅसेटी लावायचं काम माझ्याकडे होतं, कारण बटणं मला कळतात असं सगळ्यांचं मत. दुपारचे चार वाजलेत. हॉल भरत चाललाय, पंखे घरघरताहेत, लहान मुलांचा कलकलाट. रिसीव्हर तुम्ही सांगितल्याप्रमाणे निम्म्यावर आहे आणि त्या गोंगाटात गाणं जेमतेम ऐकू येतंय. पडद्याआड माझ्या वर्गातल्या मुली जमल्या आहेत. एकजण खोक्याचं कापड चिमटीत धरते. "अगं, ह्या स्पीकरला साडी नेसवलीय! काठ बघ काठ!" दुसरी म्हणते, "म्हणून तर आवाज निघत नाही. नवीन सून आहे ती." तिसरी, "ट्रकला भोंगे लावणारा माणूस आणलाय म्हणे सिस्टरनी. दुसरं काय होणार?" सगळ्या हसतात. त्या काठाची साडी नेसून आई माझ्या पालकसभेला आली होती. कुणाच्या लक्षात येईल या भीतीने माझे कान तापले. मला ते हसणं थांबवायचं होतं, बस्स. कंपासपेटीत तुम्ही दिलेला छोटा स्क्रूड्रायव्हर होता. मी खोक्यांच्या मागे वाकले, सांधणारी वायर काढली आणि चारही स्पीकर थेट रिसीव्हरला जोडले. गाडीत जसा प्रत्येकाला आपापला पुरवठा असतो तसा. घागर फुटेल हे मला ठाऊक होतं. तासाभराचा तर कार्यक्रम, तेवढ्यात काय होतंय, असं वाटलं. मी बटण फिरवलं आणि हॉल दणाणला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाली, "जीनियस!" आणि मी ते घेतलं.

चौथीच्या मुलींचा नाच चालू असताना रिसीव्हर गेला. आधी जळका वास आला, मग एक घोगरा आवाज, मग काही नाही. स्टेजवर दहा-बारा लहान मुली हात वर करून तशाच उभ्या राहिल्या. एक चिमुरडी मात्र गाण्याशिवायच नाचत राहिली आणि प्रेक्षकांत हशा पिकला. मुख्य सिस्टर लाल चेहऱ्याने आत आल्या. आणि त्यांच्यामागून तुम्ही. तुम्ही आला आहात हे मला माहीतच नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तुम्ही हॉलच्या मागच्या दाराशी उभे होतात, आपल्या खोक्यांचा आवाज ऐकायला. खुर्ची रिकामी असूनही बसला नव्हतात.

तुम्ही सरळ खोक्याच्या मागे गेलात, वाकलात, आणि स्क्रूखालची वायर बोटांनी चाचपलीत. उजवा पीळ, टोक दुमडून दुहेरी. शाळेत तशी वायर बांधणारं दुसरं कोण असणार? तुम्ही वर पाहिलं नाहीत. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढलात आणि पाठमोरे राहूनच सगळ्या वायरी होत्या तशा करून टाकल्यात, दोन्ही खोक्यांच्या. बघणाऱ्यांना वाटलं तुम्ही दोष शोधताय. मी तीन पावलांवर उभी होते. सिस्टर इंग्रजीत बोलायला लागल्या. तुम्हाला कळेना, तेव्हा त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, तू सांग याला. मी सांगितलं. 'सिस्टर म्हणतात, भेट आलेली इतकी चांगली वस्तू तुम्ही जाळलीत. सिस्टर म्हणतात, गाडीचे भंगार स्पीकर लावायचेच होते तर आधी विचारायला काय झालं होतं. सिस्टर म्हणतात, मुलांचा कार्यक्रम तुम्ही घालवलात.' एकेक वाक्य मी नीट, स्पष्ट मराठीत सांगितलं, आणि माझ्या मागे मुली ऐकत होत्या. तुम्ही हात पुसलेत. माझ्याकडे बघून, अनोळखी मुलीशी बोलावं तसं म्हणालात, "सांगा त्यांना, चूक माझी हाय. मशीन मी दुरुस्त करून दीन." तुम्ही मला 'सांगा' म्हणालात, अप्पा. मी सिस्टरांकडे वळले आणि म्हटलं, "ही सेज इट इज हिज मिस्टेक." माझं इंग्रजी तेव्हा फार शुद्ध होतं.

त्या संध्याकाळी आईने विचारलं, कसं झालं, तर तुम्ही म्हणालात, "मशीन गेलं. अंदाज चुकला माजा." आणि शेंगाची चटणी मागून घेतलीत. मी तुमच्या समोर जेवत होते. रविवारी तुम्ही जळलेला रिसीव्हर घेऊन टपरीत बसला होतात आणि मला डबा घेऊन बोलावलंत. कितीतरी दिवसांनी मी तिथे आले होते. तुम्ही पोतं अंथरून मला बसायला जागा केलीत आणि हातात मीटर दिलात. दोन स्पीकर एकामागे एक जोडलेत. "बग, काटा कुटं हाय?" आठच्या जवळ होता. मग तुम्ही तेच दोन शेजारीशेजारी थेट जोडलेत. "आता?" काटा दोनवर आला. तुम्ही म्हणालात, "बगितलं न्हवं?" मी म्हटलं, "हो." तुम्ही मीटर माझ्या हातातून काढून घेतला नाहीत. तसेच बसून राहिलात. रस्त्यावरून ट्रक जात होते. तुम्ही मला किती वेळ दिलात अप्पा, आता मोजता येत नाही, पण पुष्कळ दिलात. मी मीटर खाली ठेवला आणि म्हटलं, "मला अभ्यास आहे." तुम्ही म्हणालात, "जा की मग." आयुष्यात तुम्ही मला रागावलात ते एवढंच, आणि तेही रागावणं होतं की नाही मला अजून ठरवता येत नाही.

डॉक्टरांनी निरोप पाठवला, खोकी नकोत. गॅदरिंगला ते पहिल्या रांगेत बसले होते. शाळेच्या इतर पालकांतही बोललं गेलंच असणार. फलक रंगवून आला होता. तो तुम्ही उलटा करून टपरीच्या मागच्या भिंतीला ठोकलात, पाऊस आत येत होता तिथे. पुढे चौदा-पंधरा वर्षं तुम्ही ट्रकखालीच काम केलंत, पाठ पार वाकेपर्यंत. मी कॉलेजला गेले, लग्न झालं, ह्यांच्या बँकेतल्या लोकांना मी तुमची ओळख 'इलेक्ट्रिकलचा व्यवसाय होता' अशी करून दिली आणि तुम्ही मान डोलावलीत. बोलायची संधी नव्हती असं नाही. तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी महिनाभर तुमच्या उशाशी होते. औषधांबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले.

आता हे सगळं आज का लिहिते आहे ते सांगते. गेल्या महिन्यात आमच्या वर्गाचं स्नेहसंमेलन झालं. चौदा जणी जमलो होतो, बऱ्याच जणी आजी झालेल्या. जेवण झाल्यावर आठवणी निघाल्या आणि एकीने तो नाच काढला. "आठवतं का गं, तो गॅरेजवाला? गाडीचे स्पीकर रिसीव्हरला लावून सगळं जाळून टाकलं होतं त्यानं!" "आणि साडी नेसवली होती स्पीकरला!" हसून हसून डोळ्यांत पाणी आलं सगळ्यांच्या. मग एकजण माझ्याकडे वळली. "तू तर होतीस की तिथे. तूच ट्रान्सलेट करत होतीस. काय म्हणाला होता गं तो?"

त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, हसायला तयार होऊन. मला वाटलं, आता सांगावं. साठीला आलेल्या बायका आहोत आम्ही, कोण काय म्हणणार होतं? फार तर दोन मिनिटं शांतता झाली असती आणि कुणीतरी माझा हात धरला असता. मी पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला, आणि तुमच्या आवाजात, तुमची मान वाकते तशी वाकवून म्हटलं, "सांगा त्यांना, चूक माझी हाय." तुमची नक्कल मला फार चांगली येते, अप्पा. हे मला त्या दिवशी कळलं. खूप हशा झाला. एकजण म्हणाली, "अगदी तसाच! पुन्हा कर ना." मी पुन्हा केली.

तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. ह्यांना वाटतं पित्त आहे. गाडीचे स्पीकर काढून घेतले तेही त्यामुळेच. वाटलं, तुमची जोडणी एकदा स्वतःच्या हाताने करून बघावी, म्हणजे काहीतरी केल्यासारखं होईल. झालं नाही. आवाज स्वच्छ आला, एवढंच.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, आणि तुम्ही नाहीत म्हणून पाठवत नाही असं म्हणणंही लबाडीचं ठरेल. तुम्हाला यातलं काही सांगायची गरजच नव्हती, तुम्हाला त्या दिवशी वायरीला हात लावताच सगळं कळलं होतं. ज्यांना कळलेलं नाही त्या तेरा जणींचे नंबर माझ्या फोनमध्ये आहेत. ग्रुपवर रोज सकाळी फुलांची चित्रं येतात. तिथे दोन ओळी पुरल्या असत्या. तो माणूस माझे वडील होते, आणि रिसीव्हर मी जाळला. तेवढ्या दोन ओळी लिहायच्या सोडून मी सकाळपासून ही पानं भरत बसले आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही.